दोन पिशव्यांना एकच पट्टी

त्या रविवारी मी महिला संघाच्या सामन्याला पुरुष संघाची पिशवी घेऊन गेलो.

ही चूक नुसत्या विसरण्यातून झाली नव्हती, तिच्यामागे माझी बुद्धी खर्च झाली होती. आमच्या फुटबॉल क्लबाचे दोन संघ आहेत, पुरुषांचा आणि महिलांचा, आणि दोन्हींच्या जर्सी सहा वर्षं आमच्याकडे धुवायला येतात. पहिल्या वर्षी मी सभेत म्हणालो होतो, "या आठवड्यापुरतं आमच्याकडे द्या." तो आठवडा अजून चालू आहे. दोन्ही पिशव्या काळ्या आणि सारख्या, म्हणून बायकोने महिलांच्या पिशवीच्या बंदाला जुन्या साडीच्या लाल काठाची पट्टी बांधली. मला ती युक्ती इतकी आवडली, की उरलेली पट्टी मी दुसऱ्या पिशवीला बांधून टाकली.

मैदानावर चेन उघडली तर आत निळं. आमच्या मुलींचा रंग नारंगी, आणि समोरचा संघ निळ्यातच वॉर्मअप करत होता.

"काका, हे काय?" कॅप्टन म्हणाली. ती एका शाळेत शिकवते. तिचा तो स्वर ऐकून मला गृहपाठ घरी राहिल्यासारखं झालं.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण आमचा संघ त्या मोसमात दोनदा मैदानात उतरलाच नव्हता. एकदा इगतपुरीच्या पोरी घाटातल्या पावसात अडकल्या, एकदा नर्स असलेल्यांची ड्युटी सुटली नाही, आणि दोन्ही वेळा सात जणीही जमल्या नाहीत. अर्धव्यावसायिक म्हणजे असंच, आठवडाभर नोकरी आणि रविवारी उरलेली ताकद. तिसऱ्यांदा उतरला नाहीत तर लीगमधून नाव कमी, असं आयोजकांनी लेखी कळवलं होतं. आणि नाव कमी झालं तर पुढच्या वर्षी पुरुषांचा एकच संघ ठेवायचा, असं आमच्या सेक्रेटरींनी तोंडी.

पंच असलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं देते. वेगळा रंग, पाठीवर नंबर."

मी घरी फोन लावला.

"पट्टी बघितली नाही का?" बायकोने विचारलं.

"बघितली. दोन्हीला आहे."

पलीकडे पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "रिक्षाने निघते. पण द्वारका चौकातल्या गर्दीतून यायचंय, पंधरा मिनिटांत होणार नाही."

पिशवीच्या तळाशी सरावात कपड्यांवरून घालायचे बिनबाह्यांचे पिवळे बिब सापडले. कॅप्टनच्या पर्समध्ये फळ्यावर लिहायचा मार्कर होता. पोरी ओळीने पाठ करून उभ्या राहिल्या आणि तिने नंबर घातले. गोलकीपर पेठकडची, पहाटेच्या एसटीने येते. तिला पुरुषांच्या गोलकीपरचा शर्ट दिला, तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

"लय मोठाय," ती बाह्या दुमडत म्हणाली. "पण चालंल, काका. तुमच्यामुळं गोल झाकला जाईल."

चौदाव्या मिनिटाला आम्ही मैदानात होतो. लीगमधलं नाव टिकलं. मी बाकावर बसलो तेव्हा माझे गुडघे कुरकुरले आणि मी मनाशी ठरवलं, आता बास. सामना संपला की सेक्रेटरींना सांगायचं, पिशव्या दुसऱ्याकडे द्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाने रविवारी झोपावं.

घामाने मार्कर पसरत गेला. आठाचा तीन झाला, एक आणि सात ओळखू येईनात. मध्यंतराला दोन गोल खाऊन पोरी परतल्या, तेव्हा पंचबाई प्रत्येकीला नाव विचारून लिहून घेत होत्या.

तेवढ्यात बायको आली, खांद्यावर पिशवी. सहा वर्षांत ती मैदानावर पहिल्यांदा येत होती. मी कधी चल म्हटलं नव्हतं, तिने कधी विचारलं नव्हतं. तिने पिशवी बाकावर ठेवली आणि जर्सी काढायला लागली.

"सात नंबर कोण? बाही उसवली होती, शिवलीय बघ. अकरा? तुझे गवताचे डाग काही जात नाहीत, बाई. लोळतेस का काय?"

"काकू, मला पाडतात," अकरा नंबर म्हणाली.

बायकोला एकही चेहरा माहीत नव्हता, पण जर्सी एकूण एक माहीत होत्या. मी सहा वर्षं चेहरे बघतोय. कोणाची बाही उसवली होती हे मला आज कळत होतं.

उत्तरार्धात आम्ही एक गोल केला आणि आणखी एक खाल्ला. तीन-एक हरलो. पंचबाईंनी कागदावर सही केली, आणि कॅप्टनने त्या सहीचा फोटो काढून घेतला. हरलेल्या सामन्याचा कागद इतका जपताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरी फाटकापाशी भेटले. "उतरलो एकदाचे," ते म्हणाले. मी हो म्हणालो. पिशव्यांचं बोलायचं होतं, पण दोन्ही माझ्याच खांद्यांवर होत्या आणि धाप लागली होती.

परतताना रिक्षा द्वारका चौकात अडकली. दोन पिशव्या मांडीवर घेऊन मी शब्द जुळवत होतो, की आता हे मला झेपत नाही, तुलाही सुटका. बायको बाहेर ट्रकांकडे बघत होती.

"तिसरा गोल डावीकडून झाला, आधीचे दोन्हीही तिकडूनच झाले म्हणे," ती म्हणाली. "ती गोलकीपर डावीकडे पडायला घाबरते. जर्सीचं डावं कोपर सहा वर्षांत कधी मळलं नाही. पुढच्या रविवारी सांगते तिला."