धरमपुरीतली एक दुपार

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. सकाळी छत्रीबागेतल्या घरून निघालो तेव्हा खान नदीवर धुकं होतं आणि स्कूटर चार-पाच लाथा खाल्ल्याशिवाय सुरू व्हायला तयार नव्हती. मागे भालू बसला होता. भालचंद्र हा माझा शाळेपासूनचा मित्र. मिलमध्ये विणाई खात्यात त्याची उमर गेली, आणि मिल बंद झाल्यापासून तो घरी होता. माझी सांवेर रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी. ती चालू होती, म्हणून स्कूटरमध्ये पेट्रोल होतं.

निघण्याआधी शैलावहिनींनी, म्हणजे भालूच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं होतं, "भाऊजी, चार दिवस यांना कुठे तरी घेऊन जा. झोप म्हणून नाही. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, सगळं झालं. परवा पहाटे उठून बघते तर हे घरात नाहीत. पुलावर उभे होते, खाली पाणी बघत. मी विचारलं तर म्हणाले, हवा खातोय."

म्हणून हा प्रवास. भालूला मात्र मी सांगितलं की मला महेश्वर बघायचंय आणि एकट्याला कंटाळा येतो. तो म्हणाला, "चल. इथे तरी काय करून राहिलोय मी!"

महूपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मी आरसा असा फिरवून ठेवला होता की रस्ता कमी आणि त्याचा चेहरा जास्त दिसावा. महूत पोहे-जलेबी घेतली. त्यानं पोहे चिवडले आणि जलेबी माझ्याकडे सरकवली. बाहेर मोठमोठे ट्रक पीथमपूरकडे वळत होते, नव्या कारखान्यांची यंत्रं घेऊन, ताडपत्रीत गुंडाळलेली. भालू ती बघत होता. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "भिया, अब तो इधर सब फॉरेन का आएगा." भालूनं मान हलवली, पण कशासाठी ते मला कळलं नाही.

मानपूरच्या पुढे माळवा संपतो. पठार एकदम तुटतं आणि खाली निमाडचा उष्ण, सपाट मुलूख पसरलेला दिसतो. घाटाच्या तोंडाशी भिल्ल बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणावर स्कूटरची क्लचवायर तुटली. मी खाली वाकून खटपट करत होतो आणि भालू कठड्यापाशी उभा राहून दरीत बघत होता. तो फक्त बघतच होता. शेवटी मी ओरडलो, "भालू, इकडे ये, पाना धर!" पान्याची काहीच गरज नव्हती. तो आला, पाना धरून उभा राहिला आणि म्हणाला, "विनू, तू माझ्यावर पहारा देऊन राहिलास का?"

"छे रे," मी म्हटलं.

न्यूट्रलमध्ये उतरत उतरत गुजरीला पोहोचलो. तिथल्या मिस्त्रीनं वायर बदलून दिली, चहा पाजला, आणि धामनोदच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग असेल, संभाळून जा, असं बजावलं. खरंच रांग होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळ्यांवर पांढरे ढीग, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाभळींना कापूस चिकटलेला. महेश्वर डावीकडे होतं, पण ऊन चढलं होतं आणि धरमपुरीच्या धर्मशाळेचा पत्ता मला कोणी तरी दिला होता. आज धरमपुरी, उद्या महेश्वर, असं ठरवलं.

धरमपुरी हे नर्मदेच्या काठचं छोटं गाव. चढ-उताराच्या गल्ल्या, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंती, आणि गल्लीच्या टोकाला अचानक इतकं पाणी, की बोलणं थांबतं. घाटाच्या वर चहाचं दुकान होतं. भालूला तिथल्या बाकावर बसवून मी धर्मशाळेत खोली बघायला गेलो. मॅनेजर जेवायला गेला होता. त्याला शोधण्यात वेळ गेला.

परत आलो तर बाकावर आमची पिशवी होती. चहाचा ग्लास अर्धा भरलेला होता. भालू नव्हता.

"यहीं थे अभी," दुकानदार म्हणाला. "उठ के गए कहीं."

"कोणीकडे? किधर?"

त्यानं हात केला तो मोघम, नदी आणि गाव दोन्ही येतील असा.

मी घाट उतरलो. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. उन्हात पाणी चमकत होतं, आणि ते किती शांत होतं! मी "भालू, भालू" म्हणून हाका मारल्या. पहिल्या हाकेला लाज वाटली, नंतर वाटली नाही. एक म्हातारा नावाडी आपल्या नावेत जाळं दुरुस्त करत बसला होता. तो उठला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काई हुयो, भाई?" (काय झालं, भाऊ?)

मी सांगितलं, मित्र सापडत नाही. बरा नाही तो.

त्यानं जाळं बाजूला ठेवलं, वल्हं हातात घेतलं आणि म्हणाला, "कपडे कौन-से रंग के थे?"

'हैं' नाही, 'थे' म्हणाला तो. मी पायरीवरच बसलो. तपकिरी स्वेटर, एवढं कसंबसं सांगितलं. त्यानं नाव पाण्यात ढकलली आणि काठाकाठानं, खाली बघत, हळूहळू जाऊ लागला. वहिनींना काय सांगायचं, हे वाक्य मी मनात जुळवू लागलो होतो. ते अजून मला पाठ आहे. ते इथे लिहीत नाही.

घाटाच्या पलीकडच्या टोकाला, पायऱ्यांवर, एक बाई कपडे घेऊन धुवायला उतरत होती. नावाड्यानं तिला निमाडीत ओरडून विचारलं. तिनं धुणं खाली ठेवून गावाकडे बोट दाखवलं. तपकिरी स्वेटरवाला माणूस कापसाच्या गाड्यांमागून जिनिंगकडे जाताना तिनं पाहिला होता.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. गावाबाहेर पत्र्याची लांब शेड होती आणि तिचा आवाज अलीकडच्या वळणापासूनच ऐकू येत होता. मी धावतच आत शिरलो. आत ओळीनं यंत्रं चालू होती, जमीन हादरत होती, हवेत तंतू तरंगत होते. यंत्रांत कापूस टाकणाऱ्या बायका नाकाला पदर बांधून उभ्या होत्या. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी एकीला हातवारे करून विचारलं. तिनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि मान कलती केली. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, "सोयेल छे!" (झोपलाय!)

शेडच्या कोपऱ्यात कापसाचा ढीग होता. त्यावर भालू झोपला होता. उताणा, तोंड उघडं, एक हात छातीवर. घोरत होता, हे ऐकू आलं नाही, पण दिसत होतं.

मी तिथेच उभा राहिलो. हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. जिनिंगचे मुनीमजी चष्मा सावरत आले. म्हणाले, "आपका आदमी है? हमने सोचा किसी गाडीवाले के साथ है. आया, खडा रहा, फिर बैठा, फिर लुढक गया." मी उठवायला वाकलो तर मघाच्या बाईनं माझा हात धरला आणि नाही म्हणून मान हलवली. मुनीमजींनी हरकत घेतली नाही. फक्त म्हणाले, "बीडी मत पीना."

आधी घाटावर जाऊन नावाड्याला सांगितलं. तो अजून शोधत होता. त्यानं नदीला हात जोडले आणि पुन्हा जाळं घेऊन बसला.

सगळी दुपार मी भालूच्या शेजारी कापसावर बसून काढली. संध्याकाळी पाळी संपली, एकेक यंत्र थांबत गेलं, आणि शेवटचं थांबलं तसे भालूनं डोळे उघडले.

"भोंगा झाला?" त्यानं विचारलं.

मग आजूबाजूला पाहिलं, मला पाहिलं, आणि लाजल्यासारखा हसला. कित्येक महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"विनू, मी समजलो होतो माझं डोकं फिरलं," तो म्हणाला. "घरी रात्री इतकं शांत असतं ना, कान सारखा वाट बघत असतो. आता सुरू होईल, आता सुरू होईल. मग झोप कुठची? शैलाला काय सांगू, की मला आवाज पाहिजे? ती म्हणेल, सगळं जग शांतता मागतं."

"आणि पुलावर कशाला जायचास?"

"पहाटे तिथून ट्रक जातात यार." त्यानं बोटाला चिकटलेला तंतू सोडवला. "एक-दोनदा दुसरं पण मनात आलं. खोटं नाही बोलत. पण ट्रकच जास्त."

तो अंगाला चिकटलेला कापूस झटकत म्हणाला, "भूक लागली रे."

बाजारातल्या एका खाणावळीत ज्वारीच्या भाकऱ्या, अंबाडीची भाजी आणि तुरीची डाळ मिळाली. भालू जेवत होता आणि वाढणारी बाई माझ्याकडे बघून हसत होती. जेवण झाल्यावर नव्यानंच निघालेल्या एसटीडीच्या दुकानातून आमच्या भागातल्या बडा गणपती देवळाजवळच्या एका ओळखीच्या दुकानात फोन लावला. त्यांनी वहिनींना बोलावून आणलं. "काय झालं?" हे त्यांचे पहिले शब्द, श्वास लागलेले. मी म्हटलं, "काही नाही झालं. झोपला होता. दुपारभर." पलीकडून आवाज येईना. मला वाटलं लाइन कटली. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. ठीक आहे, भाऊजी. बिल वाढेल, ठेवा फोन."

दुसऱ्या दिवशी महेश्वरला जायचं होतं, पण भालू म्हणाला, घरी जाऊ. परतताना घाट चढताना तो अखंड बडबडत होता. वाऱ्यात निम्मं मला ऐकू येत नव्हतं. मी आरसा रस्त्याकडे फिरवला.

त्या एका झोपेनं काही मिल उघडली नाही. काम नव्हतं ते नव्हतंच, आणि भालूच्या काही रात्री पुढेही वाईट गेल्या. पण आता घरात ती गोष्ट बोलता येत होती. शैलावहिनींनी गल्लीतल्या आटाचक्कीवाल्याला विचारलं, आणि बरेच महिने भालू दुपारी तिथल्या पोत्यांवर झोपत असे. पुढे एका दालमिलमध्ये त्याला काम मिळालं. पगार पूर्वीसारखा नाही, पण यंत्रं आहेत.

महेश्वर माझं आजतागायत राहिलंच आहे. प्रवासाची आवड असलेला माणूस म्हणून लोक मला विचारतात, नर्मदा पाहिलीत की नाही? पाहिली, म्हणतो. सुंदर आहे का? असेल. त्या दुपारी मी पाण्यात फक्त एक तपकिरी स्वेटर शोधत होतो, आणि तो तिथे नव्हता. याहून चांगलं मला कुठल्याच नदीत काही दिसलेलं नाही.