साडूंचा खड्डा

जगात मूर्खपणा पुष्कळ आहे, पण तो इतका अभ्यास करून करणारा माणूस मी माझ्या साडूंखेरीज दुसरा पाहिला नाही. सीताफळं घ्यायची तर ते शहागंजात तासभर हिंडतात, गाड्यागाड्यावर फळं हुंगतात, विकणाऱ्याला देठाचं शास्त्र समजावतात आणि शेवटी किडकीच घरी आणतात. मिक्सर उघडून बसले की अख्ख्या गल्लीची लाइट जाते. वर म्हणणार, "पाव्हणं, आधी गोष्ट समजून घ्यावी लागती. तुम्ही नुसती बटन दाबणारी माणसं!"

अशा माणसानं जागा घेतली ती तळघरात. ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, शिवणक्लास घरात मावेना. पावसाळ्यात तिथं पाणी झिरपतं, घेऊ नका, असं चारचौघांनी बजावलं. साडूंनी भिंतीला कान लावला, फरशीवर टाच आपटली आणि निकाल दिला, "लई कोरडी हाय जागा." हा निकाल मे महिन्यातला. मे महिन्यात आमच्याकडं विहिरीही कोरड्या असतात, हे बहुधा त्यांच्या अभ्यासात आलं नव्हतं. श्रावणात ताईंच्या मशिनी घोटाभर पाण्यात उभ्या होत्या आणि बायका जिन्यात बसून काजं करत होत्या.

मग प्लंबरनं भिंतीकडेनं नाली काढली, तिचं पाणी उतरायला कोपऱ्यात खड्डा खणला आणि त्यात पंप सोडला. पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो, पंप सुरू होतो. गोळा खाली गेला की बंद. शहाणा माणूस इथं हात धुऊन मोकळा झाला असता. साडूंनी खड्ड्याशेजारी खुर्ची टाकली. चहा तिथं, पेपर तिथं. आल्यागेल्याला दंड धरून खड्ड्यात वाकवायचे. माझ्या बायकोच्या नव्या साडीचा पदर त्या व्याख्यानात बुडाला. पंप दिवसभर घुरघुरायचा, पाणी मात्र हटेना. सगळे म्हणाले, मोठा पंप घ्या. साडू खड्ड्याकडं टक लावून म्हणाले, "नाय. हे पाणी ओळखीचं वाटतंय." आम्ही पोट धरून हसलो.

ताई हसल्या नाहीत. "भाऊजी, जागेला गिऱ्हाईक बघा," त्या मला म्हणाल्या आणि गंज चढलेल्या मशिनीवरून उगाच पदर फिरवत राहिल्या.

मी शेंद्र्याचा एक गृहस्थ घेऊन गेलो, तर साडू कोपरापर्यंत हिरवेगार! होळीचा उरलेला पक्का रंग त्यांनी खड्ड्यात ओतला होता. पंप ते हिरवं पाणी बाहेरच्या गटारात फेकत होता. गृहस्थ जिन्यातूनच परत फिरला. ताईंनी चिडून रंगाचा रिकामा डबा जिन्यात भिरकावला. तेवढ्यात मागच्या भिंतीच्या फटीतून एक हिरवा ओघळ उतरला. मग दुसरा. गटार भिंतीलगत फुटलं होतं; बाहेर फेकलेलं पाणी फिरून आतच येत होतं.

"व्हय!" साडू ओरडले. "म्हणलं नव्हतं, ओळखीचं हाय?"

मग पंपाचा पाइप फुटक्या गटाराच्या पलीकडं, उताराला नेला. पाइपातलं पाणी उलटं खड्ड्यात पडू नये म्हणून झडपही बसवली. जागा विकायचं राहिलं.

परवा भर पावसात गेलो. खाली मशिनी धडधडत होत्या, बायका हसत होत्या, पंप आपला आपण सुरू होऊन बंद होत होता. साडू वर दारात एकटेच बसले होते. "काय नाय पाव्हणं," ते म्हणाले, "आता कोन काय इचारीत नाय." मी खाली उतरलो, खड्ड्यापाशी वाकलो आणि हाक मारली, "अहो साडू, गोळा वर आला हे पंपाला कळतं तरी कसं?"

गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी सावकाश उतरत ते आले. माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा," ते म्हणाले. "जरा टाइम लागंल."