एका रकान्यातल्या दोघी

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष घोड्यावर बसून जबलपूरला आला, असं मी लहानपणापासून ऐकत आले. घोडा पांढरा होता. नागपूरच्या फौजेबरोबर आलेला हा सरदार, कमरेला तलवार, आणि नर्मदा ओलांडताना त्यानं म्हणे भर पात्रात शपथ घेतली होती. कसली शपथ, ते कोणालाच सांगता यायचं नाही. माझे वडील, काका, काकांची मुलं, सगळ्यांनी त्या घोड्यावर बसून जन्म काढला. त्यातले बहुतेक सरकारी कचेऱ्यांत कारकून होते आणि सायकलवरून जायचे.

यातल्या कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या पुरुषांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं, आणि ती हौस माझ्याकडून भागायची नाही.

माझा धाकटा चुलतभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत आहे. घर मोठं, गाड्या दोन, तब्येत उत्तम, म्हणजे काळजी करायला काही उरलेलं नव्हतं. मग त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला एकदा जेवायला बोलावलं. त्या म्हाताऱ्याच्या बैठकीत भिंतभर वंशवृक्ष लावलेला. अगदी सुरुवातीच्या वसाहतींच्या काळात बोटीतून उतरलेला पहिला पूर्वज, त्यानं जंगल तोडून बांधलेली लाकडाची खोली, त्याची बायको, अकरा मुलं, मुलांच्या बायका, सगळे नावानिशी. दरवर्षी त्याचे वंशज एका मैदानावर जमतात, सारख्या टोप्या घालतात आणि भाजलेली कणसं खातात. हे सगळं पाहून माझ्या भावाच्या घशाखाली घास उतरेना.

"ताई, त्यांचा तर साधा लोहार होता," तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आणि पाहा, किती मिरवून राहिले. आपल्याकडे सरदार असून आपण काहून गप्प बसायचं?"

"आपण गप्प कधी बसलो?" मी विचारलं.

पण इतक्या लांब टोमणा पोचत नाही. तो म्हणाला, वंशावळ करायची, कॉम्प्युटरवर, रंगीत, आणि कागदपत्रं जमवायचं काम मी करायचं. मी शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, म्हणजे त्याच्या हिशेबी दिवसभर रिकामी. मी हो म्हटलं. त्या घोड्याला एकदा खाली पाडायची माझी फार जुनी इच्छा होती.

पहिली गंमत इथेच झाली. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे दोनशे वर्षं दोनच नावं आलटून पालटून चाललेली. भावानं उत्साहात जी पहिली यादी पाठवली, तिच्यात एक पणजोबा सव्वाशे वर्षं जगून तीन लग्नं करत होता. शेवटचं तर शंभरी उलटल्यावर. मी कळवलं, बाबा रे, ही तीन वेगळी माणसं आहेत. त्याचं उत्तर आलं, "अच्छा? मला वाटलं आपल्याकडे प्रकृती चांगली असायची."

मग मी प्रयागला गेले. आमच्याकडचे लोक अस्थी घेऊन तिथे जायचे आणि तिथल्या पंड्याच्या बहीत आपलं गाव, बापाचं नाव, मुलांची नावं लिहून यायचे. आमच्या पंड्यानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आत गेला आणि चहा पिऊन होईपर्यंत लाल कापडात बांधलेली लांबलचक बही घेऊन आला. उलटी पानं काढत काढत तो सगळ्यात जुन्या नोंदीवर थांबला.

"ये देखिए माताजी. सबसे पहले यही आए थे, नागपुर से जबलपुर. फौज के साथ. काम, रसोई."

मी त्याला ते तीनदा वाचायला लावलं. ऐकायला येत नव्हतं म्हणून नव्हे, आनंद मावत नव्हता म्हणून. सरदार नव्हता तो, सरदाराच्या मुदपाकखान्यात आचारी होता. घोडा असलाच तर त्याच्यावर तांदळाची पोती असणार. मला तो माणूस पहिल्यांदाच आवडला. परक्या मुलखात, ओल्या लाकडांवर, शे-दोनशे भुकेल्या माणसांसाठी रोज भात रांधणं ही काय खायची गोष्ट आहे? त्याचे पणतू-खापरपणतू मात्र चहासुद्धा बायकोच्या हातचा पितात.

भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, रसद विभागाचे प्रमुख, असं लिहिता येईल ना?"

"भात शिजवायचा, असंही लिहिता येईल," मी म्हटलं. "तुझा शेजारी लोहार सांगतो की नाही?"

"त्यांचं वेगळं आहे," तो म्हणाला.

महिनाभरानं वंशावळ आली. फोनवर ती मुंगीएवढी दिसत होती, म्हणून मी सदर बाजारातल्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. सगळ्यात वर घोडेस्वाराचं चित्र. खाली "सरदार". माझी आत्या भिंगाची काच घेऊन वाकली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, सावत्र. आता शहाऐंशी वर्षांची आहे. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी परतली, आणि माझे आईवडील गेल्यावर आम्ही दोघीच राहतो. तिची आई ती पावणेदोन वर्षांची असताना बाळंतपणात गेली. माझ्या आजोबांनी सहा महिन्यांत दुसरं लग्न केलं. ती दुसरी म्हणजे माझी आजी. एवढं मला माहीत होतं आणि याहून जास्त मी कधी विचारलं नव्हतं. छत्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांच्या मुलींची नावं लिहिणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण खरं आहे.

आत्यानं काच फिरवत फिरवत आजोबांचा चौकोन गाठला. शेजारी बायकोचा एकच चौकोन होता. त्याच्याखाली सगळी मुलं, आत्या धरून.

"ह्यात माझी आई कुठं आहे?" तिनं विचारलं.

मी चौकोनातलं नाव दाखवलं.

"ही तुझी आजी. माझी आई कुठं आहे?"

तेव्हा ती गोष्ट मला आत्याकडून पहिल्यांदा कळली. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलायची आपली पद्धत. ताटातल्या तांदळांत नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो आणि सगळे पेढे खातात. माझ्या आजोबांनी दुसऱ्या वेळी अंगठी हातात घेऊन पहिल्या बायकोचंच नाव पुन्हा लिहिलं. तोंडात बसलेलं होतं. घरातल्या लोकांनाही सोय झाली, हाक मारताना कोणाची जीभ अडखळली नाही. मेलेली बाई अशी सहा महिन्यांत भरून निघाली.

पुढचं तर याहून थोर. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी करतात, तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. आजोबा होते तोवर आत्याच्या आईची नवमी होत असे. पुढे आजोबा गेले, मग आजी गेली, आणि माझ्या वडिलांनी व काकांनी बसून विचार केला की आजीचं श्राद्ध करायचंच आहे, नाव दोघींचं एकच, तर पान तरी दोन कशाला? तेव्हापासून आमच्या घरी दोन बायका एका नावात आणि एका पानावर जेवत आल्या आहेत. माझे वडील देवमाणूस होते असं सगळे म्हणतात. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला.

"तिचं माहेरचं नाव काय होतं?" मी आत्याला विचारलं.

"मला कोण सांगणार? मी विचारलं की बाबा उठून जायचे. मामा एकदा आला होता, तो तिला नुसतं ताई म्हणत होता." आत्या काच पुसत राहिली. "मी आता किती दिवसांची? एकदा तिचं नाव कळलं असतं तर तिच्या नावानं एक पान वाढलं असतं. बस. मला ह्या कागदाचं काही नाही."

मी भावाला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "पण ताई, नाव सेम आहे ना. दोन चौकोन केले तर लोकांना वाटेल चुकून डबल झालं. एक राहू दे, चार्ट क्लीन दिसतो." ज्या माणसानं पणजोबाला सव्वाशे वर्षं जगवलं, त्याला आता नेटकेपणाची काळजी पडली होती. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

पितृपक्षाला बावीस दिवस होते.

आत्याचं आजोळ जबलपूरजवळच्या पाटनचं. आजोळचं आडनाव तिला माहीत होतं, तिचे आजोबा तिथे मास्तर होते हेही. पण ते कुटुंब केव्हाच उठून गेलेलं, पाटनमध्ये आता कोणी नाही. मला एवढंच सुचलं, की मास्तर आपल्या मुलीला शाळेत घातल्याशिवाय राहिला नसेल. आणि शाळेबद्दल मला जे माहीत आहे ते आमच्या सरदारांना माहीत नाही: शाळा छप्पर गळू देते, बाकं मोडू देते, पण दाखल-खारिजचं, म्हणजे नावं घालण्या-काढण्याचं, रजिस्टर कधी फेकत नाही.

पाटनच्या जुन्या कन्याशाळेची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी निघाली. मला पाहून ती उभी राहिली आणि तिनं पदर सावरला.

"दीदी, आप? फोन कर देतीं, मैं गाडी भेज देती."

मी काम सांगितलं. कपाट उघडायला एक माणूस आणि एक हातोडी लागली. वाळवीनं खाल्लेल्या कडा, तपकिरी शाई, पानामागून पान हिंदी नावं. आम्ही दोघी पदराचं टोक नाकाला लावून वाचत होतो, तरी मी खोकून खोकून बेजार झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास एका ओळीत मराठी आडनाव आलं. बापाच्या नावापुढे "अध्यापक". आणि पहिल्या रकान्यात, सुंदर अक्षरात, एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव.

तेही मी इथे लिहीत नाही. पण त्याचं कारण वेगळं आहे. ते नाव घेण्याचा हक्क आत्याचा आहे.

त्याच ओळीच्या शेवटी दुसऱ्या हातानं लिहिलं होतं: "नाम काटा गया. कारण, विवाह." तेव्हा ती बारा वर्षांची होती. मी ते वाचलं आणि मला मुख्याध्यापिकेसमोर रडू आलं. ती बिचारी पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली.

भावाला मी रजिस्टरचा फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

नवमीला गुरुजी आले. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी ऐन संकल्पाच्या वेळी ते थबकले. "माहेरचं नाव चालत नाही हो. सासरचं नाव, सासरचं गोत्र. नाहीतर पोचत नाही."

"कुठं पोचत नाही?" मी विचारलं. "आजवर जे पाठवलं ते तरी कोणाला पोचलं, ते सांगता येईल का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्यांना अजून चार घरं करायची होती. आत्या पाटावरून म्हणाली, "भांडू नको गं. गुरुजी, तुम्हाला जे नाव घ्यायचं ते घ्या. चलो, आटपा." त्यांनी घेतलं, सासरचंच, आणि दक्षिणा खिशात घालून गेले.

वरच्या मजल्यावरची भाडेकरीण, नुकतंच लग्न झालेली बावीस वर्षांची पोरगी, सवाष्ण म्हणून जेवायला यायची होती. ती येण्याआधी आत्यानं एक पान वेगळं मांडायला लावलं, भिंतीशी, पाट रिकामा. भात तिनं स्वतःच्या हातानं वाढला. मी वाटी धरायला गेले, तर तिनं मला बाजूला केलं. मग ती त्या पाटासमोर जमिनीवर बसली. शहाऐंशी वर्षांची म्हातारी, आणि जिला वाढलं ती जेमतेम वीस वर्षांची असताना गेलेली.

आत्यानं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही, अंगणात खेळत असलेल्या मुलीला बोलवावं तसं.

"आई म्हणायला पाहिजे तुला," ती म्हणाली, "पण ते मी दुसरीला म्हणून बसले. नावानंच बोलावते. ये, जेव."