विमानातून आलेली मेल

दुपारी चारला आमचे वडील, अप्पा, गेले, तेव्हा माझा भाऊ परदेशातून येणाऱ्या विमानात होता. आदल्या दिवशी त्याला आम्ही फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तब्येत जास्त आहे, निघून ये." माणूस वाटेत असला की याच्यापुढे काही सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि विमानात बसलेल्याला सांगणार तरी कोण? तो घरी पोचेपर्यंत तरी आपण सुटलो, असं मला वाटत होतं.

पण दादाच तो! निघताना विमानतळावरून त्याने फोन केला होता. "या विमानात इंटरनेट आहे. सहा वाजता वसईतल्या सायबर कॅफेत जाऊन बस, मी मेल टाकतो." मी म्हटलं, "काहीतरी फेकू नकोस." दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. वसईजवळच्या होळी गावात आमच्या वाडीवरचा साधा टेलिफोन पावसाळ्यात महिना-महिना मुका असायचा, आणि हा शहाणा आभाळातून पत्र लिहिणार!

अंगणात बर्फाच्या लाद्या उतरत होत्या तेव्हा मी काकांना मेलचं सांगितलं. मेल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यातला धोका बरोबर कळला. "जा तू," ते म्हणाले. "नाय गेली तर त्याला समजंल. पन खरं लिवू नको. वर त्याला धरनारा कोन हाय?"

मी सायकल हाणली. बाजारात वीज गेली होती. कॅफेत इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालू होती. कॅफेवाला म्हणाला, "ताई, लवकर आटपा. अर्धा तास चालेल, फार तर."

मेल खरंच आलेली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं त्याने.

"समोरच्या पडद्यावर नकाशा लावलाय. आत्ता काळ्या समुद्रावर आहोत. शेजारचा माणूस सिनेमा बघून खदाखदा हसतोय, त्याला एक ठेवून द्यावीशी वाटतेय. अप्पांनी सांगितलं होतं, या वाडीत पाऊल टाकू नकोस. तीन वर्षं टाकलं नाही. आता घरी जा आणि त्यांना विचार, येऊ का? काय म्हणतात तेवढंच कळव. मी पडद्यासमोर बसून आहे."

दादाने तिकडे परस्पर लग्न केलं म्हणून अप्पांनी ते सुनावलं होतं. पुढे दोघंही गप्प. एकापेक्षा एक हट्टी मेले!

'झोपलेत' लिहावं तर म्हणेल, उठव. 'बोलत नाहीत' लिहावं तर जन्मभर समजेल की बापाने शेवटपर्यंत तोंड फिरवलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द तरी कुठले घालायचे? त्यात लगेच उत्तर देऊनही चालणार नव्हतं. सायकलवरून घरी जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, हे दादाला पाठ होतं. म्हणजे अप्पांना विचारून आल्याचं नाटक करत मला वीस मिनिटं तिथेच बसायचं होतं. इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला. कोपऱ्यातलं घड्याळ हलेना. देवा, एवढं चालू दे, असं मी पुटपुटत होते. अठराव्या मिनिटाला धीर सुटला. "विचारलं. 'ये' म्हणाले," एवढं लिहिलं आणि पाठवण्याचं बटण दाबलं. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ फिरत असतानाच सगळं काळं झालं.

गेली की नाही गेली? कॅफेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "आता कसं सांगू, ताई?" रात्रभर बर्फाशेजारी बसून मी फाटकाकडे बघत होते. मेल पोचली नसेल तर दादा तिथूनच परत फिरेल, अशी भीती मनातून जाईना.

पहाटे तो आला आणि फाटकाशी न थांबता सरळ आत आला. मेल पोचली होती.

"रातीच गेले रे," आमचं ठरल्याप्रमाणे काका त्याला म्हणाले, "तुझं इमान उतरायच्या जरा आदी." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, निभावलं.

उचलायच्या वेळी काकांनी खिशातून डॉक्टरांचा दाखला काढला. त्यांना वाचता येत नव्हतं. "नाव बराबर हाय का बघ," म्हणून त्यांनी तो दादाच्या हातात दिला. त्यावर वेळ लिहिलेली होती. दुपारी चार. आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

दादाचं बोट त्या ओळीवर थांबलं. आता हा ओरडेल, किंवा आल्या पावली निघून जाईल आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाही. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि माझ्याजवळ आला.

"तू अप्पांना विचारलंस?"

"विचारलं."

"आणि 'ये' म्हणाले?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि खांदा द्यायला वाकला.