फाटकाजवळची खाट

आमच्या घरात तब्येतीला सगळ्यात जपणारे माझे आजोबा होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पहाटे उठल्याबरोबर तांब्याभर पाणी, मग वावरापर्यंत पायी फेरी, परत आल्यावर दादर ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. चहा नाही, तंबाखू नाही. त्यानंतर ते फाटकाजवळच्या खाटेवर बसत, ते थेट दिवे लागेपर्यंत. हिवाळ्यात तिथे ऊन यायचं आणि उन्हाळ्यात निंबाची सावली. अंगाला ऊन-वारा लागला पाहिजे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गावातली माणसं त्यांचं उदाहरण द्यायची.

आमचं संडास त्याच फाटकाजवळ होतं. मागे गोठा, मधे विहीर, म्हणून खड्डा पुढेच खणला गेला. दार खाटेच्या समोर उघडायचं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ.

आई आबांसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू द्यायची नाही. हातात डबा घेऊन त्यांच्यासमोरून त्या दारात जाणं तिला कधी जमलंच नाही. ती पहाटे, आबा फेरीला गेले की जायची आणि मग अंधार पडल्यावर. मधल्या वेळात जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. जेवताना दोन घोट, तेही घास अडकला तर. कापूस वेचायला गेली तरी तेच. मी लहानपणी समजायचे की मोठ्या बायकांना तहान, आमच्या बोलीत तीस, कमी लागते.

माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत भिंतीवर तक्ता होता: भरपूर पाणी प्या. खाली हसणारा ग्लास. आम्ही मुली शाळेतल्या संडासाला जायला नको म्हणून बाटली भरलेली तशीच घरी आणायचो. आई ती बाटली झाडांना ओतायची. रागवायची नाही.

मी बारावीत असताना तिच्या कमरेत कळा सुरू झाल्या. ताप यायचा, जायचा, लघवीला आग व्हायची. हे तिने वडिलांना सांगितलं नाही, मलाही नाही. मला ते तिचे कपडे धुताना, रक्ताचे डाग पाहून कळलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं की खडे आहेत, जंतुसंसर्ग जुना आहे, एका मूत्रपिंडावर सूज आहे. पाणी पीत राहिलात तर अजून वाचेल, म्हणाले. आई मान हलवत होती. घरी आल्यावर मी तिच्यासमोर ग्लास धरला.

तिने फाटकाकडे पाहिलं. "आबा बठेल शेतस ना तठे," ती हळूच म्हणाली.

मी वडिलांशी बोलले. म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. खाट दुसरीकडे हलवता येईल का, एवढंच विचारलं. का, ते मला सांगता आलं नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि या गोष्टीसाठी मला अहिराणीत सभ्य शब्द माहीत नव्हता. मराठीत म्हणाले असते तर शाळेतल्या निबंधासारखं वाटलं असतं. वडील म्हणाले, म्हातारा माणूस, त्याची बसायची जागा कशाला मोडायची? मग माझी नजर संडासाच्या दाराकडे गेलेली पाहून हसले, म्हणाले की पूर्वी तर सगळ्या वावरात जायच्या, आता घरात संडास आहे तरी तुमच्या तक्रारी.

आबांना आईचा आजार माहीत होता, कारण माहीत नव्हतं. ती समोरून गेली की ते स्वतःहून तोंड भिंतीकडे फिरवत. तेवढी मर्यादा ते पाळत. एकदा त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"तुन्ही मायले पाणी पाजत जाय," ते म्हणाले. "मी सकायले तांब्याभर पेस, देख, काही व्हयनं का मले?"

मी हो म्हटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं आणि आत गेली.

आबा गेल्या वर्षी गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. वडिलांनी खाट गोठ्यात उभी करून ठेवली. मी तोवर धडगावला नोकरीला लागले होते. सुट्टीत आले तेव्हा दुपारी अंगण रिकामं होतं आणि निंबाची पानं खाटेच्या जागी पडली होती. मी ग्लास भरून आईला दिला. म्हटलं, आता कोणी नाही.

तिने ओठ ओले केले आणि ग्लास खाली ठेवला.

"आते तीसच लागत नही, बेटा."

या महिन्यात तिचे पाय सुजले. मी रजा घेऊन वडिलांसोबत तिला शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. मग म्हणाले, आता पाणी कमी प्यायचं. दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं. तहान लागली तरी मोजून. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू, कदाचित डायलिसिस लागेल. आईने मान हलवली, आणि मला वाटलं तिला बरंच वाटलं. हे तिला जमण्यासारखं होतं.

एसटी स्टँडवर वडील गाडीची चौकशी करायला गेले. मला धडगावची जीप पकडायची होती. घाटात जीपवाले मधे कुठे थांबत नाहीत, म्हणून मी सकाळपासून काही प्यायले नव्हते. आईने पिशवीतली बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिला ती आता लागणार नव्हती.

"पी," ती म्हणाली.

मी बाटली हातात घेतली. स्टँडच्या पलीकडच्या टोकाला बायकांचं संडास होतं. त्याचं दार उघडं आहे का, ते मी मान वळवून पाहिलं. मग झाकण उघडलं.