वरंध्याचा घाट, पायी

सोमवार, २ जानेवारी १९९५. रक्कम साडेतीनशे रुपये, तीन महिन्यांची एकदम. हजर तिघं: बारामतीत इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवणारे सर, माझी बायको आणि मी. शिकायचं तिला होतं.

इंदापूर रस्त्याला जूनमध्ये एक इंग्रजी बालवाडी सुरू होणार होती. बायको लासुर्ण्याला मामाकडे राहून बारावी झालेली, लहान मुलांत रमणारी. तिला तिथली शिक्षिकेची जागा हवी होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि स्वतःसाठी पैसे तिनं मला पहिल्यांदाच मागितले होते. मुलाखत एप्रिलमध्ये, इंग्रजीतून.

मी एका डेअरीत हिशेब लिहायचो. सहाला सुटलो की सायकलवरून तिला आणायला जायचो आणि क्लासच्या दाराशी उभा राहून शेवटचा पाव तास ऐकायचो. फेब्रुवारीत प्रवासाचा धडा निघाला. 'आय हॅव बीन टु' म्हणजे अमक्या ठिकाणी मी जाऊन आलोय. सर म्हणाले, "यात तारीख घालायची नाही. कधी गेलात हा प्रश्नच नाही. गेलात, आणि ते अजून तुमच्यापाशी आहे, एवढंच." मला हे पटायला जड गेलं. तारखेशिवायची नोंद मी कधी केली नव्हती.

मग प्रत्येकानं उभं राहून तीन ठिकाणं सांगायची. एक कापडदुकानदार सिंगापूर, दुबई आणि लंडन करून खाली बसला. कॉलेजातल्या दोन मुलींनी ताजमहाल पाहिला. माझी बायको उभी राहिली आणि वहीतच बघत राहिली.

"ताई, बोला. ताजमहाल घ्या."

"मी न्हाय बघितला, सर."

"इथं कुणी बघितलाय? ही काय कोर्टातली साक्ष आहे?"

"आन् मुलाखतीत त्यांनी इचारलं, कसा हाय, तर काय सांगू?"

"पांढरा हाय म्हणा!" कापडदुकानदार म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली, पण वाक्य काही बोलली नाही.

मला काळजी लागली. मुलाखतीत प्रवासावर विचारणारच, असं सर म्हणत होते. घरी येईपर्यंत मी आमचे प्रवास मनात मोजले. जेजुरी. पुणे दोनदा. नरसिंहपूरचा संगम. एवढ्यावर ती बोलणार किती?

"सुट्टी काढतो," मी म्हणालो. "मुंबई बघून येऊ. खरं बोलायला तरी मिळंल."

ती भाकरी थापत होती. "कशाला? मी महाडला जाऊन आलीया की."

"कधी?"

"तारीख इचारायची न्हाय म्हणलेत सर."

सासऱ्यांची मेंढरं होती, हे मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांचीही होती. पण माझ्या लेखी ती घराण्याची माहिती होती, तो प्रवास आहे असं कधी मनात आलं नव्हतं. ती सांगत गेली. दसरा झाला की बिऱ्हाड निघायचं, नीरेवरून भोरकडे, मग वरंध्याचा घाट उतरून कोकणात. मामाकडे शाळेत घालेपर्यंत, नऊ वर्षांची होईतो, दर साल. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी बांधलेला धाकटा भाऊ, आणि घोड्याचा दोर हिच्या हातात. एकदा ते पार खाडीपर्यंत गेले होते.

"पाणी खारं आसतं हे कुणी सांगितलंच न्हवतं. मेंढरानं तोंड लावलं आन् शिंकलं, तवा कळलं."

मी ऐकत राहिलो. आमची मुलगी सात वर्षांची होती. तिला मी पेठेत एकटीला पाठवत नव्हतो.

एप्रिलमध्ये मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. खिडकी उघडी होती. आतल्या बाईंनी प्रवासाचं विचारलं. मग तिचा आवाज आला. "आय हॅव बीन टु महाड, मॅडम. आय हॅव वॉक्ड. विथ शीप."

आत कुणीतरी हसलं.

"वॉक्ड? फ्रॉम हिअर?"

"येस, मॅडम. अँड बॅक."

आता कुणी हसलं नाही. पुढं तिचं इंग्रजी संपलं. "मराठीत सांगू का?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायला लागली. कुणी तिला थांबवलं नाही.

बाईंनी निकाल तिथंच दिला. इंग्रजी कच्चं आहे, शिक्षिकेची जागा देता येत नाही. जूनपासून मदतनीस म्हणून या, वर्षानं बघू. सायकलवर मागं बसून ती म्हणाली, "मदतनीस तर मदतनीस. पोरं तर तीच हायेत."

दिवाळीच्या सुट्टीत तो घाट मी बघायला मागितला. भोरहून एसटी धरली. तिकिटं मी घाटमाथ्यापर्यंतचीच काढली होती, बघायचं आणि परतायचं. माथ्यावर गाडी थांबली. पुढं मेंढरं होती, सगळा रस्ता भरून, सावकाश उतरत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून खाली बघितलं आणि हात आपोआप समोरच्या दांडीवर गेला. रस्ता डोंगराच्या कडेनं घड्या घालत खाली जात होता, आणि खालचं गाव दिसण्याऐवजी नुसतं निळं धुकं दिसत होतं. मुलगी माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती. एवढीच होती तिची आई, हा घाट पायी उतरायची तेव्हा. मी बायकोकडे बघितलं. ती घोड्याचा दोर धरून चाललेल्या एका बाईकडे बघत होती.

"हितनं पुढं पायाला उतार लागतो," ती म्हणाली. "मग सोपं जातं."

"उतरायचं ना?" कंडक्टर म्हणाला. "माथा आला."

"न्हाय," मी म्हणालो. "महाड."

मी खिशात हात घालेपर्यंत तिनं पर्स उघडली होती. माथा ते महाड, दोन फुल, एक हाफ. तीस रुपये. तिच्या पगारातले, कंडक्टरला दिले.