पुलावरचा लाल दिवा

त्या पुलासाठी सुन्निव्हाबाईंनी एकवीस वर्षं सरकारच्या नाकी नऊ आणले होते. सह्या गोळा करायला त्या फेरीबोटीतल्या एकेका गाडीची काच वाजवत फिरायच्या. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या बेटावर कुणी विचारलंच, हे खूळ कशाला, तर उत्तर ठरलेलं. "माझा होवार्ड पलीकडे राहतो. पूल झाला की रोज येईल."

पूल झाला. होवार्ड येऊही लागला, पण काय ते येणं! फेरी होती तेव्हा शेवटची बोट पावणेनऊला सुटायची. आईच्या हातचे स्वेले, बोटीवर मिळतात तसले जाड गोड घावन, खाता खाता ती हमखास चुकायची आणि मग मुक्काम. आता तो अंगातलं जाकीटसुद्धा काढत नसे. "बसतो कुठे आई? पूल आहे ना, दहा मिनिटांत घर!"

सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

एक मात्र बाईंनी हेरलं होतं. वारा फार झाला की पूल बंद होतो आणि तोंडाशी लाल दिवा लागतो. तेव्हापासून त्या हवामानाच्या बातम्या कान देऊन ऐकू लागल्या. वादळाची वाट बघायची लाजही वाटे, पण बघत.

शनिवारी इशारा आलाच. होवार्ड चारला येणार होता, वारा सहाला. बाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. पलंगावर धुतलेली चादर घातली, पीठ भिजवलं, पुन्हा खिडकी, पुन्हा चूल.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? बस की जरा," शेजारीण ओडलाउग म्हणाली.

"बसते गं. चार वाजू देत."

साडेतीनलाच खिडक्या थडथडू लागल्या. बाईंनी वाकून पाहिलं. दिवा लाल झाला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, पूल बंद केला गं! मी इकडेच अडकलो. आज काही जमत नाही."

"मग फेरीनं ये की," बाई बोलून गेल्या. "एवढ्या वाऱ्यात तर ती निघायचीच."

होवार्ड हसला. "कुठली फेरी? तूच बंद करवलीस ना ती!"

तव्यावर पहिला स्वेला करपत होता. तो उलटायला बाई गेल्याच नाहीत.